मुडदा दिसला तर आधी बोंब ठोका

मध्ययुगीन इंग्लंडात घडणाऱ्या रहस्यकथांची सुरुवात बहुधा ठरलेली असते. पहाटे कुणीतरी ओढ्याकाठी जातं, लव्हाळ्यात अडकलेला पाय दिसतो. मग गावातला किंवा मठातला एखादा चाणाक्ष माणूस धावत येतो, प्रेत उताणं करतो, जखम चाचपून बघतो आणि मुठीत अडकलेला निळ्या लोकरीचा धागा हळूच काढून स्वतःजवळ ठेवतो. वाचायला झकास. पण हे १२८० साली घडलं असतं, तर अख्ख्या गावाला दंड बसायची तजवीज त्या चाणाक्ष माणसानं करून ठेवली असती. कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूची चौकशी करणारा राजाचा अधिकारी, येऊन बघेपर्यंत प्रेत जिथल्या तिथे राहिलं पाहिजे आणि त्याआधी पुरायचं तर नाहीच नाही, असा नियम होता. मोडला की भुर्दंड.

अशा कादंबऱ्या वाचणाऱ्यानं, आणि लिहू पाहणाऱ्यानं तर विशेष करून, एक गोष्ट ध्यानात घेतली की बाकीचा गुंता आपोआप सुटतो. तेराव्या शतकातला खुनाचा तपास हा मुळात वसुलीचा मामला होता. खुनी सापडला तर बरंच. पण राजाला हवं असायचं ते खुन्याचं सामानसुमान, गावाच्या चुकांचा दंड आणि ज्या वस्तूनं जीव गेला तिची किंमत. त्यामुळे गावात ज्याच्या हातून काहीच झालेलं नाही, त्यालाही खोटं बोलायला कारण असे. रहस्यकथेला याहून सुपीक जमीन कुठली मिळणार?

कोरोनर आला कुठून

राजा पहिला रिचर्ड धर्मयुद्धाहून परतताना पकडला गेला आणि त्याच्या सुटकेसाठी दीड लाख मार्क चांदीची खंडणी ठरली. मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबाचं माप होतं. एक मार्क म्हणजे १६० पेनी. शे-सव्वाशे वर्षांनंतरही साध्या मजुराला दिवसाला दीड-दोन पेनी मिळत. म्हणजे एक मार्क ही त्याची तीनेक महिन्यांची कमाई. खजिना कोरडा पडलेला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले शेरीफ राजाच्या नावानं वसूल केलेलं स्वतःच्या घशात घालत. तेव्हा ११९४च्या सप्टेंबरात, कँटरबरीचा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर राज्यकारभार बघत असताना, हुकूम निघाला की प्रत्येक काउंटीत म्हणजे जिल्ह्यात तीन सरदार आणि एक कारकून निवडावा. त्यांनी ‘राजाच्या दाव्यांची राखण’ करायची. राजमुकुटाचा माणूस म्हणून तो क्राउनर, आणि त्याचाच पुढे कोरोनर झाला.

या कामाला पगार नव्हता. ज्याच्याकडे जमीनजुमला आहे तो लाच खाणार नाही, असा भाबडा हिशेब. १२७५च्या कायद्यात कोरोनरनं आपल्या कामासाठी कुणाकडून काही घेऊ नये असं स्पष्ट लिहावं लागलं, यावरून तो हिशेब किती चुकला ते कळतं. कोरोनरनं खटला चालवायचाही नव्हता. १२१५च्या मॅग्ना कार्टा या राजाला बांधून घालणाऱ्या सनदेच्या २४व्या कलमानं शेरीफ आणि कोरोनर दोघांनाही त्याची मनाई केली होती. त्याचं काम एवढंच: बघायचं, विचारायचं, मोलं लावायची, लिहून ठेवायचं. काही वर्षांनी राजाचे फिरते न्यायाधीश आले की ती चामड्याची गुंडाळी त्यांच्यापुढे उलगडायची. या फेऱ्या साधारण सात वर्षांच्या अंतरानं होत, कधी त्याहून उशिरा.

म्हणून कथा कुठल्या वर्षी घडते ते आधी बघावं. एलिस पीटर्स यांच्या ब्रदर कॅडफेल या मठवासी तपासनिसाच्या गोष्टी श्रूजबरी गावात ११३७ ते ११४५ या काळात घडतात. तिथे कोरोनर नाही आणि सगळा कारभार शेरीफच्या हाती आहे, ते बरोबरच आहे. ते पद तेव्हा जन्माला यायचं होतं. बर्नार्ड नाइट हे स्वतः शवविच्छेदन करणारे विकृतिशास्त्रज्ञ. त्यांनी मुद्दाम ११९४ धरलं आणि डेव्हनमधल्या अगदी नव्या नेमलेल्या कोरोनरलाच नायक केलं. शेरीफ आणि कोरोनर यांच्यातली ओढाताण त्यांना आयतीच मिळाली.

पहिले चार दिवस

समजा साल १२८०, गाव लहान, आणि जवाच्या शेताच्या बांधावर माणूस मरून पडलेला. ज्याला तो पहिल्यांदा दिसला त्याला कागदोपत्री ‘प्रथम पाहणारा’ म्हणत. त्याचं पहिलं कर्तव्य बोंब ठोकणं. हे नुसतं भीतीनं ओरडणं नव्हे, कायद्यानं लादलेलं काम आहे. आरोळी ऐकली की हातात असेल ते टाकून धावायचं, खुनी पळत असेल तर पाठलाग करायचा, गावाची शीव आली की पुढच्या गावाला हाका मारून सामील करून घ्यायचं. आपल्याकडे रामोशी-जागल्यांनी चोराचा माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या गळ्यात घालायची रीत होती. दोन्हीकडचं तर्कशास्त्र एकच: शोध लागला नाही तर भरपाई कुणाच्या डोक्यावर बसणार, हे शिवेनं ठरायचं.

बोंब ठोकली नाही, तर दंड. ती ऐकून घरात बसलात, तरी दंड. उगाच ठोकलीत, तर त्याचाही दंड. आणि प्रथम पाहणाऱ्याला नियम पाळूनही सुख नाही. त्याला दोन जामीन द्यावे लागत, की न्यायाधीश येतील त्या दिवशी हा हजर राहील. सर्वांत जवळच्या चार शेजाऱ्यांचंही तेच. म्हणजे शेतात प्रेत दिसलं या एका अपराधापायी हा माणूस पाच-सात वर्षं अडकला, आणि मधल्या काळात कामासाठी दूर गावी गेला तर जामीनदार गोत्यात. असं असताना प्रेत दिसूनही न दिसल्यासारखं करून दुसऱ्या वाटेनं घरी जाणारे किती असतील? म्हणून ‘हे कुणाला पहिल्यांदा दिसलं?’ या प्रश्नाचं उत्तर गोष्टीत सहजासहजी मिळालं, तर लेखकानं फुकट घालवलेली संधी समजावी.

मग कोरोनरला सांगावा. तो काउंटीच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो, रस्ते चिखलाचे. दोन दिवस लागतात, चारही लागतात. तोवर प्रेतावर पहारा, कुत्र्या-डुकरांपासून राखण. जूनमध्ये तिसऱ्या दिवशी काय परिस्थिती होते ते सांगायला नको. गावकरी वैतागून प्रेत पुरून टाकत, मग कोरोनर येऊन ते उकरायला लावी, आणि दंड वेगळा. रात्री प्रेत उचलून शिवेपलीकडे ठेवण्याचा मोह किती मोठा असेल, याचा अंदाज वरच्या दंडांवरून करावा.

कोरोनर आला की चौकशी प्रेताच्या शेजारीच बसते. हंड्रेड म्हणजे तालुक्यासारखा भाग, त्यातले बारा जण. शिवाय जवळच्या चार गावांतून प्रत्येकी गावकारभारी (त्याला रीव्ह म्हणत) आणि चार माणसं. १२६७च्या कायद्याप्रमाणे माणूस मेल्याच्या चौकशीला बारा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषानं हजर राहायचं होतं. ऐन सुगीत ही जत्रा भरली तर शेतं तशीच उभी. प्रेताचे कपडे उतरवून ते सगळ्यांदेखत उलटसुलट करून पाहिलं जाई.

काय पाहायचं याची यादी १२७६च्या कोरोनरविषयक कायद्यात आहे. मारलं कुठे: घरात, शेतात, बिछान्यात, दारूच्या गुत्त्यात की जमावात? तिथे कोण कोण होतं, पुरुष, बायका, मुलं? जखमा किती, प्रत्येकीची लांबी, रुंदी, खोली, अंगाच्या कुठल्या भागावर, कुठल्या हत्यारानं? प्रेत पाण्यातून काढलं असेल तर माणूस बुडाला की मारून टाकला, गळ्याभोवती किंवा हातापायांवर दोरीचा वळ आहे का? साडेसातशे वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना मराठी वाचकाला मरणोत्तर पंचनामा आठवला तर नवल नाही. आपल्या फौजदारी कायद्यातही परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी, जखमांचं वर्णन आणि हत्याराचा अंदाज, हाच सांगाडा आहे. तो इंग्रजांबरोबर आला. खुद्द कोरोनर हे पदसुद्धा मुंबईत होतं, १८७१च्या कायद्याखाली, आणि ते रद्द झालं १९९९ साली.

फरक मात्र मोठा आहे. या जमलेल्या सगळ्यांत कुणी वैद्य नाही. कोरोनरही वैद्य नाही. जखम मोजायची ती बोटांनी आणि वितींनी. आणि ही जूरी, म्हणजे चौकशीला बसवलेले हे गावकरी, पुरावा ऐकून निर्णय देत नसे. तिला आधीच माहीत आहे, असं गृहीत होतं. ‘तुम्ही इथले, तुम्ही सांगा’ एवढाच प्रश्न. त्यामुळे गावानं ठरवलं की अमुक परगावचा भटक्या खुनी आहे, की कागदावर तोच खुनी. तो नेमका पळून गेलेला असे, आणि त्याच्याकडे जप्त करण्यासारखं काही नसे. जुन्या गुंडाळ्यांमध्ये असे ‘अनोळखी चोर’ पुष्कळ भेटतात. काही खरे असतील.

शेवटी मोलं. खुन्याची गाय, भांडी, धान्य, अंथरूण यांची किंमत गावकरीच सांगणार आणि सामान गावाच्याच ताब्यात राहणार. न्यायाधीश आले की तेवढी रक्कम राजाला द्यायची. साहजिकच किंमत शक्य तितकी कमी. खुन्याच्या बायकोनं आदल्या रात्री दोन मेंढ्या भावाकडे हाकून दिल्या असतील, तर तेही कुणाला दिसलेलं नसतं.

जीव घेणाऱ्या वस्तूचा दंड

अपघाती मृत्यूतही राजाचा वाटा होताच. ज्या वस्तूनं जीव गेला ती वस्तू, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा. याला डिओडंड म्हणत. मूळ लॅटिनचा अर्थ ‘देवाला द्यायचं ते’. पैसा दानधर्मात जावा अशी मूळ कल्पना. माणूस गाडीवरून पडून चाकाखाली सापडला तर गाडी, घोडे, कधी वरचा मालसुद्धा. उकळत्या पाण्याच्या हंड्यात मूल पडलं तर हंडा. विहिरीच्या रहाटाचा दोर तुटून डोक्यात बादली बसली तर बादली. जूरी इथेही हिशेबी: गाडी चालत होती की उभी होती, चाकानं मारलं की धुऱ्यानं, यावरून फक्त चाकाची किंमत लावता येते का ते बघत. ही प्रथा १८४६पर्यंत टिकली. आगगाड्यांच्या अपघातांत इंजिनांवर मोठाल्या रकमा लागू लागल्या तेव्हा कुठे ती रद्द झाली.

गोष्टीच्या दृष्टीनं यातली गोम अशी. गावातल्या सर्वांत महागड्या बैलजोडीनं माणूस तुडवला, तर ‘तो दगडावर पडून मेला’ असं सांगण्यात सगळ्या गावाचं हित. दगडाची किंमत काही नाही. मग तपास करणाऱ्याला खून दडवलेला वाटतो, आणि प्रत्यक्षात दडवलेले असतात बैल.

याहून विचित्र प्रकार मर्ड्रमचा. १०६६ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्यातला कुणी मारला गेला आणि खुनी सापडला नाही, तर सगळ्या हंड्रेडवर दंड. सुरुवातीचा आकडा ४६ मार्क सांगितला जातो, म्हणजे ७,३६० पेनी. पुढे रक्कम बरीच उतरली, पण एक तरतूद राहिली: मेलेला माणूस नॉर्मनच धरायचा, तो इंग्रज होता हे नातेवाइकांनी येऊन सिद्ध केलं तरच दंड माफ. ११७९च्या सुमाराला राजाच्या खजिनदारानं, रिचर्ड फिट्झनीलनं, लिहून ठेवलंय की दोन्हीकडच्या सोयरिकींमुळे आता इंग्रज कोण आणि नॉर्मन कोण हे सांगणंच अवघड झालंय. तरी दंड चालू राहिला तो १३४०पर्यंत. कल्पना करा, वाटेवर नागडं प्रेत, ओळख नाही, आणि आसपासची आठ-दहा गावं कुणीतरी येऊन ‘हा माझा चुलतभाऊ, इंग्रज आईबापांचा’ म्हणावं म्हणून आटापिटा करताहेत. असा चुलतभाऊ थोडे पैसे दिले तर मिळत नसेल का?

खुनी पळाला तर कुठे

चर्चमध्ये. आत शिरला की चाळीस दिवस हात लावता येत नाही. हा भाग कादंबऱ्यांत बहुतेक वेळा अर्धाच येतो: दार बंद, बाहेर जमाव, आत थरथरणारा आरोपी. पुढची पायरी जास्त रंजक आहे. चाळीस दिवस गावानं रात्रंदिवस चर्चला पहारा द्यायचा, कारण तो निसटला तर दंड गावाला. कोरोनर तिथे येतो. आरोपीपुढे दोन वाटा असतात: बाहेर येऊन खटल्याला सामोरा जा, नाहीतर गुन्हा कबूल करून देश कायमचा सोडायची शपथ घे. दुसरी वाट घेतली की सामान जप्त. कोरोनर बंदर नेमून देतो आणि तिथे पोचायला किती दिवस तेही ठरवतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या डोव्हरचं नाव नोंदींत पुन्हा पुन्हा येतं, अगदी उत्तरेकडच्या माणसालाही.

मग तो निघतो: अनवाणी, बोडक्या डोक्यानं, कमरपट्टा नाही, हातात लाकडी क्रूस. राजरस्ता सोडायचा नाही. सोडला आणि सापडला तर जागीच मुंडकं उडवलं तरी चालतं. बंदरात जहाज नसेल तर रोज गुडघाभर पाण्यात जाऊन उभं राहायचं, जायची तयारी आहे हे दाखवायला. डोव्हरला रोज असे किती जण लाटांत उभे असतील, देव जाणे. पुष्कळ जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्रूस झुडपात टाकून रानात गडप होत, असंच दिसतं.

कथाकारासाठी खरा प्रश्न आहे तो कबुलीचा. निरपराध माणूससुद्धा चर्चमध्ये शिरून ‘होय, मीच मारलं’ म्हणू शकतो, कारण फाशीची जोखीम पत्करण्यापेक्षा देश सोडणं बरं. म्हणजे कागदावर शपथेवरची कबुली असूनही खरा खुनी गावातच फिरतोय.

चर्चही नाही आणि खटलाही नाही, तर माणूस बहिष्कृत होत असे. काउंटीची सभा दर चार आठवड्यांनी भरे. सलग पाच सभांत नाव पुकारलं आणि तो आला नाही, की त्याला कायद्याबाहेर टाकलं. त्याच्या डोक्यावर ‘लांडग्याचं मस्तक’ आहे असं म्हणत, कारण लांडग्यासारखा त्याला कुणीही मारावा. हिशेब करा: खून आणि ही घोषणा यांच्यात किमान चार-पाच महिने जातात. कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात ही दवंडी गावभर फिरते ते नाटकी आहे, खरं नाही.

पकडला तर पुढे काय

१२१५ हे साल इथे दुभाजक आहे. त्याआधी दिव्य करावं लागे. ११६६च्या क्लॅरेंडनच्या हुकुमानं जूरीनं ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याला पाण्याचं दिव्य: बांधून पाण्यात सोडायचं, बुडाला तर निर्दोष, तरंगला तर दोषी. दोरी बांधलेली असे, बुडालेल्याला बाहेर ओढून काढत. लोखंडाच्या दिव्यात तापवलेला तुकडा हातात घेऊन नऊ फूट चालायचं, हात बांधून ठेवायचा, तीन दिवसांनी उघडून बघायचं की जखम चिघळली की भरतेय. लक्षात घ्या, भाजला की नाही हा मुद्दाच नव्हता. भाजणारच. आणि पट्टी कशी बांधली, आधी हाताला काय चोळलं, यात बरीच जागा आहे. क्लॅरेंडनच्या हुकुमात आणखी एक कडू गंमत आहे: दिव्यातून सुटलेला माणूससुद्धा गावात फार बदनाम असेल तर त्याला देश सोडावा लागे.

१२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे पोपनं भरवलेल्या धर्मसभेनं, धर्मगुरूंना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली. धर्मगुरूशिवाय दिव्य नाही. इंग्लंडात काही वर्षं न्यायाधीशांना काय करावं तेच कळेना. मग हळूहळू बारा जणांची निवाडा करणारी जूरी रुजली. पण आरोपीनं जूरी मान्य केली पाहिजे. नाही म्हणाला तर १२७५च्या कायद्यानं ‘कडक तुरुंग’, आणि पुढे त्याचंच छातीवर वजनं ठेवून दाबणं झालं. तरी काही जण नाहीच म्हणत, कारण दोषी ठरल्याशिवाय मेलं तर जमीन-सामान मुलाबाळांना राहतं.

जूरी गावातलीच असल्यामुळे, ‘सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून खुन्याचं नाव सांगणं’ हा रहस्यकथेतला शेवट मध्ययुगात वेगळ्या प्रकारे चपखल बसतो. ज्या बारा जणांना पटवायचं ते न्यायालयातले परके नाहीत. ते आत्ता, या गुत्त्यात, शेजारच्या बाकावर बसलेत. खटल्याआधीच त्यांचं मत फिरवलं की काम झालं.

बाईला मात्र तक्रार करायला वाव थोडा. मॅग्ना कार्टाचं ५४वं कलम सांगतं की बाईच्या आरोपावरून खुनासाठी कुणाला अटक करायची तर मेलेला तिचा नवराच असला पाहिजे. मुलाचा खून पाहिलेल्या आईला स्वतःच्या नावानं आरोप ठेवता येत नाही. शांतपणे बसून राहणारी, पण तपास करणाऱ्याला सगळं पुरवणारी एखादी विधवा आई हे पात्र म्हणून ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. कायद्यानंच तिला ती जागा दिलीय.

पुराव्यांचं काय

सुरा सापडला म्हणून उड्या मारू नका. प्रत्येक माणूस, बाईसुद्धा, कमरेला स्वतःची सुरी बाळगून असे. जेवायला तीच, दोरी कापायला तीच. काटे टेबलावर नव्हतेच. कपड्यांना खिसे नव्हते, पैसे कमरपट्ट्याला लटकवलेल्या बटव्यात. तेव्हा ‘खिशात सापडलेली चिठ्ठी’ हा दुहेरी घोटाळा, कारण गावात लिहिता येणारे मोजके आणि कागद इंग्लंडात चौदाव्या शतकापर्यंत दुर्मीळ. लिहायचं ते कातड्यावर.

वेळेचा पुरावा हा तर स्वतंत्र विषय. घड्याळ नाही, चर्चच्या घंटा आहेत. उजेडाचे बारा भाग करून त्याचे तास. लंडनच्या अक्षांशावर जूनमधला दिवस साडेसोळा तासांच्या वर, डिसेंबरातला आठाच्याही आत. म्हणजे उन्हाळ्यातला ‘तास’ आपल्या ऐंशीएक मिनिटांचा आणि हिवाळ्यातला चाळीसचा. ‘मी तासाभरात चालत पोचलो’ या साक्षीचा अर्थ ऋतूप्रमाणे दुप्पट बदलतो. शिवाय नववा तास, नोन, हा मूळ दुपारी तीनच्या आसपासचा. तो हळूहळू अलीकडे सरकत मध्यान्हावर आला आणि इंग्रजीतला ‘नून’ त्यातूनच निघाला. बाराव्या शतकातल्या गोष्टीत आणि चौदाव्या शतकातल्या गोष्टीत ‘नोनची घंटा’ एकाच वेळी वाजत नाही. तारखांचंही तसंच: संतांच्या सणावरून वार सांगत आणि वर्ष राजाच्या कारकिर्दीचं. पहिल्या एडवर्डचं वर्ष २० नोव्हेंबरला बदले, चर्चचं २५ मार्चला.

विषाच्या बाबतीत मराठी वाचकाला फारसं समजावून सांगावं लागत नाही. सांधेदुखीच्या तेलात घालत ती निळ्या फुलांची मंक्सहूड म्हणजे आपल्या बचनागाची सख्खी नातलग. तोंडाला मुंग्या, ओठ बधिर, मग काळीज कोलमडतं, आणि हे सगळं फार लवकर. हेनबेन म्हणजे खुरासानी ओवा. मठातल्या औषधांच्या कोठीत दोन्ही असत, म्हणूनच औषधं करणारा मठवासी हा तपासनीसही चांगला आणि संशयितही चांगला. विष ओळखायची रासायनिक चाचणी मात्र नव्हती. ‘मी पेल्यात थेंब टाकून पाहिलं आणि रंग बदलला’ हे एकोणिसाव्या शतकातलं.

प्रेत फाडून बघणं इंग्लंडात नव्हतं. त्यासाठी इटलीत जायला हवं. बोलोन्यात १३०२ साली विषप्रयोगाच्या संशयावरून न्यायालयाच्या सांगण्यानुसार बार्तोलोमेओ दा वारिन्याना आणि इतर वैद्यांनी शवविच्छेदन केलं होतं. आणि खरी पद्धतशीर पोथी हवी असेल तर आणखी पूर्वेला, चीनमध्ये. सोंग त्सि या न्यायाधिकाऱ्यानं १२४७ साली मृत्यूच्या चौकशीवर ग्रंथ लिहिला. त्यातली विळ्यांची हकिगत प्रसिद्ध आहे: गावातल्या सगळ्यांचे विळे जमिनीवर मांडायला लावले, एकाच विळ्यावर माश्या बसल्या, कारण पुसलं तरी रक्ताचा वास राहिला होता. इंग्लंडात त्याच काळी लोकांचा विश्वास होता की खुनी जवळ आला की प्रेताच्या जखमेतून पुन्हा रक्त येतं. हुशार तपासनीस स्वतः यावर विश्वास ठेवणार नाही, पण इतरांच्या विश्वासाचा उपयोग करील: कोण प्रेताजवळ यायला कां-कू करतो ते बघेल.

लिहिणाऱ्यानं एकदा तरी मूळ नोंदी वाचाव्यात. बेडफर्डशायरच्या १२६०-७०च्या दशकांतल्या कोरोनर-गुंडाळ्या भाषांतरित होऊन छापल्या गेल्यात. केंब्रिज विद्यापीठानं लंडन, यॉर्क आणि ऑक्सफर्डच्या चौदाव्या शतकातल्या खुनांचे नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. लंडनमध्ये रविवार सर्वांत वाईट, कारण सुटी आणि दारू. ऑक्सफर्डमध्ये मारणारे आणि मरणारे दोन्हीकडे विद्यार्थीच फार. त्यांना धर्मसंस्थेचे लोक धरत, त्यामुळे फाशीऐवजी बिशपच्या ताब्यात.

आणि या नोंदी कुणी लिहिल्या ते विसरू नये. साक्षीदार बोलतो इंग्रजीत, सरदार कोरोनर घरी बोलतो फ्रेंच, कारकून लिहितो लॅटिनमध्ये. ‘ढकलला’ आणि ‘पडला’ यांतला फरक या तीन भाषांत कुठेतरी निसटू शकतो, किंवा निसटू दिला जातो. यावर उपाय म्हणून शेरीफनं वेगळी जोडगुंडाळी ठेवायची होती. सात वर्षांनी न्यायाधीश येत, बारा जणांना विचारत, आणि त्यांचं बोलणं गुंडाळीशी ताडून बघत. एखादी गाय विसरली, एखादं नाव गळलं, की दंड. तोवर निम्मे साक्षीदार वारलेले, कोरोनर मेला असेल तर गुंडाळी त्याच्या वारसाच्या पेटीत, आणि बारा जणांनी सात वर्षांपूर्वी नेमकं काय सांगायचं ठरवलं होतं ते त्यांच्यापैकी एकालाच धड आठवत असतं.